राखीव माणसांचा ताळेबंद



डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशभर विमानसेवेचा जो बोजवारा उडाला, त्याची चर्चा आता थंडावली आहे. लग्नाला वेळेवर न पोचलेले वऱ्हाडी, विमानतळाच्या फरशीवर आडवी झालेली म्हातारी माणसे, बॅगांचे ढीग आणि काउंटरवरच्या मुलींवर ओरडणारे प्रवासी ही चित्रे आपण सर्वांनी पाहिली. सुरतही त्यातून सुटले नाही. आपली मुले पुणे, बंगळुरू, हैदराबाद अशा गावी नोकरीला आहेत, त्यामुळे विमान ही आता केवळ हिरे-कापड व्यापाऱ्यांची चैन राहिलेली नाही. त्या दिवसांत आपल्या वस्त्यांत, मंडळाच्या बैठकीत आणि सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या घोळक्यात एकच सूर ऐकू येत होता. वैमानिकांचे नखरे वाढलेत, लाखांनी पगार घेतात आणि वर विश्रांतीही मागतात, असा तो सूर होता. आम्हांला तो पटला नाही. ज्या समाजाच्या दोन-तीन पिढ्या गिरणीत, रेल्वेत, टपाल खात्यात आणि एस.टी.त गेल्या, त्या समाजाने तरी असे बोलू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे सांगण्यासाठीच हा लेख.

आधी घटनाक्रम नीट पाहू. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, जानेवारी २०२४ मध्ये वैमानिकांच्या ड्यूटी व विश्रांतीचे सुधारित नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास केली. 'रात्र' कशाला म्हणायचे याची व्याख्या मध्यरात्र ते पहाटे पाचऐवजी सहापर्यंत वाढवली. रात्रीच्या ड्यूटीत विमान किती वेळा उतरवायचे, याची मर्यादा दोनवर आणली. हे नियम १ जून २०२४ पासून लागू व्हायचे होते. माणसे कमी पडतील, असे विमान कंपन्यांनी सांगितले आणि तारीख पुढे गेली. प्रश्न वैमानिकांच्या संघटनांमार्फत दिल्ली उच्च न्यायालयापुढे होताच. अखेर १ जुलै २०२५ आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत अंमलबजावणी करायचे ठरले. म्हणजे नियम जाहीर झाल्यापासून शेवटचा टप्पा येईपर्यंत कंपन्यांना जवळजवळ २२ महिने मिळाले.

दुसरा टप्पा लागू होऊन महिना होतो न होतो, तोच देशातल्या दर दहा विमानप्रवाशांपैकी सहांहून अधिक प्रवासी वाहणारी इंडिगो कंपनी कोलमडली. ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत २,५०७ फेऱ्या रद्द झाल्या, १,८५२ फेऱ्या उशिरा गेल्या आणि तीन लाखांवर प्रवाशांचे हाल झाले. सरकारने काय केले? ५ डिसेंबरला या कंपनीला रात्रीच्या ड्यूटीच्या काही नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा दाखवू नये, हे कलम तर सगळ्याच कंपन्यांसाठी मागे घेतले. तिकिटांच्या दरावर कमाल मर्यादा घातली. पुढे चौकशी झाली आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीला २२ कोटी २० लाख रुपयांचा दंड झाला. त्यातले २० कोटी ४० लाख हे ६८ दिवसांचे, दिवसाला ३० लाख या हिशोबाने.

दंडाचा आकडा वर्तमानपत्रांनी ठळक छापला. चौकशीचा निष्कर्ष मात्र कुठल्या तरी आतल्या पानावर गेला, आणि आमच्या मते खरी गोष्ट तिथेच आहे. विमाने, वैमानिक आणि फेऱ्या यांचा जास्तीत जास्त वापर करून घेण्याच्या हव्यासात कंपनीने वेळापत्रकातली मोकळीक जवळजवळ संपवून टाकली होती, असा तो निष्कर्ष आहे. साध्या मराठीत सांगायचे तर अडीअडचणीला हाताशी लागणारी राखीव माणसे पुरेशी नव्हती. नियम बदलला, धुके पडले, एखादे विमान बिघडले, तर ती तूट भरून काढायला कोणी शिल्लक नव्हते. विश्रांतीच्या नियमाने विमाने अडवली नाहीत. राखीव माणसांत केलेल्या काटकसरीने अडवली.

ही राखीव ड्यूटी म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे. प्रत्येक विमान कंपनी आपल्या वैमानिकांचे वेळापत्रक आगाऊ काढते. त्यात काही दिवस प्रत्यक्ष उड्डाणाचे असतात, काही सुट्टीचे आणि काही 'स्टँडबाय'चे. स्टँडबायच्या दिवशी वैमानिकाला कुठले विमान नेमून दिलेले नसते. ठरलेल्या वेळेपासून ठरलेल्या वेळेपर्यंत त्याने फोन हाताशी ठेवायचा आणि बोलावणे आले की ठरलेल्या मुदतीत विमानतळावर हजर व्हायचे. कधी हे थांबणे घरी असते, कधी हॉटेलात, तर कधी गणवेश घालून थेट विमानतळावर. फोन पहिल्या तासात येईल, शेवटच्या तासात येईल किंवा येणारही नाही. आला तर दुबईला जावे लागेल की दिल्लीला, आणि रात्री घरी परतणे होईल की नाही, हे फोन येईपर्यंत कळत नाही.

अशा दिवसाला वैमानिक कसे तोंड देतात? बॅग भरून दाराशी ठेवतात. गणवेशाला आदल्या रात्रीच इस्त्री करतात. उड्डाणापूर्वी १२ तास मद्याला स्पर्श करायचा नाही, असा आपल्याकडे नियम आहे. त्यामुळे स्टँडबायवर असलेल्या माणसाला भावाच्या लग्नातही फक्त सरबत घेऊन बसावे लागते, आणि लग्न दुसऱ्या गावी असेल तर तेही नाही. सिनेमाचे तिकीट काढता येत नाही, मुलांना घेऊन डुमसला जाता येत नाही. सगळ्यांत अवघड प्रश्न झोपेचा. रात्री बोलावणे येईल या हिशोबाने दुपारी पडदे ओढून झोपावे, तर फोन दुपारीच वाजतो. दुपारी जागे राहावे, तर फोन रात्री दहाला येतो. शरीराचे घड्याळ काही रोस्टर पाहून चालत नाही.

एक साधा हिशोब मांडू. समजा, एखाद्याची राखीव ड्यूटी पहाटे चारला सुरू झाली. तो साडेतीनला उठला. दिवसभर फोन आला नाही. दुपारी तीनला फोन आला की संध्याकाळची फेरी घ्या आणि रात्री दोनपर्यंत परत या. कागदावर त्याचे काम संध्याकाळी सुरू झालेले दिसेल. प्रत्यक्षात विमान उतरवताना तो साडेबावीस तास जागा असेल. वाट पाहण्याचा वेळ मोजायचाच नाही असे ठरवले, तर असा माणूस पूर्णपणे नियमात बसतो आणि त्याच्या मागे बसलेले पावणेदोनशे प्रवासी निर्धास्त झोपलेले असतात.

म्हणूनच राखीव ड्यूटीचे सगळे नियम एकाच प्रश्नाभोवती फिरतात. वाट पाहण्याचा वेळ कामात धरायचा की नाही, आणि धरायचा तर किती? आपल्या नियमांत स्टँडबाय सुरू कधी होणार आणि संपणार कधी, हे वैमानिकाला आधी सांगावे लागते, त्याला कमाल मर्यादा आहे आणि विमानतळावर व घरी थांबण्याचा हिशोब वेगळा धरला जातो. युरोपातले नियम २०१६ पासून लागू आहेत. तिथे विमानतळावर थांबण्याचा वेळ पूर्णपणे ड्यूटी समजतात. घरच्या स्टँडबायची कमाल मर्यादा १६ तास आहे आणि त्याचा चौथा हिस्सा ड्यूटीच्या तासांत जमा होतो. शिवाय स्टँडबाय आणि उड्डाण मिळून माणूस १८ तासांहून अधिक जागा राहणार नाही, याची काळजी कंपनीने घ्यायची असते. वरच्या उदाहरणातली फेरी तिथे उडालीच नसती.

अमेरिकेत राखीव ड्यूटीचे दोन प्रकार आहेत. एकात बोलावणे लवकर येऊ शकते, तो उपलब्धतेचा काळ १४ तासांहून मोठा ठेवता येत नाही. दुसऱ्यात बोलावल्यानंतर दहा तासांची विश्रांती मिळेल इतकी आगाऊ सूचना द्यावी लागते. तिथे ज्येष्ठतेनुसार वेळापत्रक निवडता येते, त्यामुळे राखीव ड्यूटी बहुतेक नव्या पोरांच्या वाट्याला येते. ज्यांचे घर दुसऱ्या शहरात आहे, असे वैमानिक विमानतळाजवळ पाच-दहा जणांत एखादी खोली भाड्याने घेऊन राहतात. मुंबईच्या खानावळीत आणि गाळ्यांत राहिलेल्या आपल्या मंडळींना हे चित्र अनोळखी वाटायचे कारण नाही. अमेरिकेने हे नियम जानेवारी २०१४ पासून लागू केले, तेही फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलो शहराजवळ एक प्रवासी विमान कोसळून ५० माणसे गेल्यानंतर. मृतांच्या नातेवाइकांनी सरकारचा पिच्छा सोडला नाही, म्हणून नियम झाले.

आता आपल्या घरातली गोष्ट. 'राखीव' हा शब्द विमानासोबत आला असला, तरी ती माणसे आपल्याला नवी नाहीत. मुंबईच्या गिरण्यांत त्यांना बदली कामगार म्हणत. आपल्यापैकी कितीतरी घरांचे एक टोक गिरणगावात होते. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणी मालकांनी बदलीची पद्धत ठरवून दिली. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक माणसांना बदलीचे कार्ड द्यायचे आणि त्यांनी रोज सकाळी गिरणीच्या दाराशी हजर राहायचे. कोणी गैरहजर असेल तर काम, नसेल तर घरी परत. गिरणीचे चक्र एक दिवसही थांबले नाही, ते दाराशी उभ्या असलेल्या या माणसांमुळे. पण उभे राहण्याचे पैसे त्यांना मिळाले नाहीत.

कायद्याने त्यांना काय दिले, हेही पाहण्यासारखे आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'ले-ऑफ'ची तरतूद होती. हजेरीपटावरचा कामगार ठरल्या वेळी दाराशी आला आणि दोन तासांत त्याला काम दिले नाही, तर त्या दिवशी त्याला ले-ऑफ दिला असे समजायचे आणि मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई द्यायची. म्हणजे वाट पाहण्याला किंमत आहे, हे तत्त्व कायद्याला मान्य होते. पण त्याच कलमात भरपाईच्या हक्कातून बदली कामगाराला वगळले होते. सलग एक वर्षाची सेवा झाली, तरच तो बदली समजला जाणार नव्हता. जो मुळातच वाट पाहण्यासाठी नेमला होता, नेमकी त्याचीच वाट पाहण्याची किंमत शून्य! तो जुना कायदा आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत विलीन झाला आहे. नावे बदलली, पण प्रश्न जिथल्या तिथे आहे.

रेल्वेतली कथा थोडी निराळी. ताप्ती व्हॅली लाइनने खानदेशातून उधन्याला आलेल्या कुटुंबांना ती सांगायला नको. रेल्वेच्या चाळींत रात्री-अपरात्री कॉलबॉय यायचा, दाराची कडी वाजवायचा, वहीवर सही घ्यायचा आणि इंजिन ड्रायव्हर डोळे चोळत डबा घेऊन निघायचा. रजेवरच्या माणसाच्या जागी जाणारा 'लीव्ह रिझर्व्ह' आणि साप्ताहिक सुट्टीसाठी सोडवायला येणारा 'रेस्ट गिव्हर', या जागा रेल्वेने आस्थापनेतच धरलेल्या असतात. माणूस आजारी पडणार, रजा घेणार, त्याच्या घरी बारसे-बारावे निघणार, हे रेल्वेने गृहीत धरले. तरीही ड्रायव्हरच्या तासांना मर्यादा सहज मिळाली नाही. ऑगस्ट १९७३ मध्ये लोको रनिंग स्टाफचा संप झाला, तेव्हा दहा तासांच्या ड्यूटीचे तत्त्व सरकारने मान्य केले. त्याची पूर्ण अंमलबजावणी व्हावी, हे गाऱ्हाणे पुढे कित्येक वर्षे चालूच राहिले.

नियम मान्य करायचा आणि मग तो बाजूला ठेवायचा, ही आपल्या राज्यकर्त्यांची जुनी सवय आहे. विमानांच्या बाबतीत ती आणखी ठळकपणे दिसते. डीजीसीएने जुलै २००७ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम काढले. मे २००८ मध्ये ते स्थगित झाले. वैमानिकांच्या संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, तिथून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. नवे नियम आले ते २०११ मध्ये. मग २०२४ चे नियम, त्यांना मुदतवाढ, न्यायालय, अंमलबजावणी आणि महिनाभरात सूट. आमच्या या देशात माणसांप्रमाणे नियमांनाही राखीव ड्यूटीवर बसवतात. बोलावणे येईपर्यंत थांबा, म्हणतात, आणि ते बोलावणे बहुधा एखाद्या दुर्घटनेनंतरच येते.

अशी एक दुर्घटना २२ मे २०१० रोजी झाली. दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान सकाळी सहाच्या सुमारास मंगळूरला उतरताना धावपट्टीच्या पलीकडे दरीत कोसळले. १६६ पैकी १५८ जण गेले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. विमान चुकीच्या उंचीवरून येत असूनही कॅप्टनने उतरणे सोडून दिले नाही, हे मुख्य कारण ठरले. सोबत आणखी एक गोष्ट पुढे आली. कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपलेला होता आणि जागा झाल्यावर झोपेचा अंमल पूर्ण उतरलेला नसावा. उड्डाणाआधी त्याला नियमाप्रमाणे पुरेशी विश्रांती मिळाली होती, असेही अहवाल सांगतो. कागदावरची विश्रांती आणि शरीराला मिळालेली झोप या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्या नियमांत रात्रीच्या आणि पहाटेच्या तासांना वेगळे महत्त्व का द्यायचे, हे समजायला दुसरे उदाहरण नको.

ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर विमानतळावर पुण्याची फेरी घेऊन निघालेला एक वैमानिक बोर्डिंग गेटपाशीच कोसळला आणि दगावला. त्याला आदल्या ड्यूटीनंतर २७ तासांची विश्रांती मिळाली होती, असे कंपनीने सांगितले. त्या मृत्यूचे खापर रोस्टरवर फोडणे योग्य नाही, आम्ही ते करणार नाही. पण त्या घटनेनंतर वैमानिकांच्या थकव्याची चर्चा देशभर झाली आणि पुढच्याच जानेवारीत सुधारित नियम निघाले, हेही खरे.

आता पैशाची बाजू. वैमानिकाच्या पगारात प्रत्यक्ष उड्डाणाच्या तासांचा मोठा वाटा असतो. राखीव बसलेल्याला उड्डाण मिळाले नाही तर काय? म्हणून काही तासांचे पैसे हमीने देण्याची पद्धत आहे. एप्रिल २०२४ मध्ये विस्तारा कंपनीत जी ओढाताण झाली आणि फेऱ्या रद्द कराव्या लागल्या, तिच्या मुळाशी हेच होते. विलीनीकरणाच्या निमित्ताने आलेल्या नव्या पगारपत्रकात हमीचे तास ७० वरून ४० वर आणले होते. वैमानिक ताणलेल्या रोस्टरवर आधीच नाराज होते. आजारपणाच्या रजा वाढल्या आणि राखीव माणसे नसल्याने सगळा डोलारा हलला. त्या कंपनीच्या प्रमुखांनी नंतर नियोजन कमी पडल्याचे मान्य केले. इंडिगोचा धडा दीड वर्षाहून अधिक काळ आधीच गिरवून झाला होता. कोणी पाटी पाहिली नाही, इतकेच.

बँकेच्या काउंटरमागे अर्धे आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्यांना यात एक गोष्ट फार खटकते. बँकेने लोकांच्या ठेवींचा ठरावीक हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे रोख राखून ठेवावाच लागतो. तो कमी पडला तर दंडव्याज बसते. नफ्यातला किमान वीस टक्के भाग राखीव निधीत टाकावा, असे बँकिंग नियमन कायद्याचे १७ वे कलम सांगते. हा पैसा पडून राहतो, त्यावर हवे तसे कर्ज देता येत नाही, म्हणून तो वाया गेला असे कोणी म्हणत नाही. तो आहे म्हणूनच आपण रात्री शांत झोपतो. २००१ मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक कोसळली, तेव्हा बेफाम कर्जवाटपाने ठेवीदारांची काय गत होते, हे गुजरातेत राहणाऱ्या आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या वेळी "बँकेनेच ठरवावे किती राखायचे ते" असे म्हणणारा एकही ठेवीदार भेटला नसता.

मग विमान कंपनीच्या बाबतीत आपण हे कसे मान्य करतो? राखीव वैमानिक हा त्या कंपनीचा राखीव निधी आहे. तो घरी बसलेला दिसतो, म्हणून हिशोबनीस त्याला तोटा समजतो आणि पहिली कात्री तिथेच लावतो. वर्षभर त्यातून नफा वाढलेला दिसतो. एक दिवस मात्र सगळी वसुली एकदम होते, आणि ती कंपनीकडून होण्याआधी प्रवाशांकडून होते. डिसेंबर २०२५ मध्ये तीन लाख लोकांनी ती भरली. २२ कोटींचा दंड हा त्या मानाने किरकोळ आकार झाला. आणि आपल्यासारख्या शहराला त्याचा फटका दुप्पट बसतो. राखीव वैमानिक मोठ्या तळांवर बसतात. जिथे कंपनीचा तळ नाही, तिथे आलेल्या वैमानिकाचे तास संपले तर बदली माणूस तासाभरात मिळत नाही. फेरी रद्द करायची वेळ आली की लहान शहराचीच फेरी आधी जाते. सुरतेला २०२३ च्या डिसेंबरात नवे टर्मिनल मिळाले, आंतरराष्ट्रीय विमानतळाचा दर्जा मिळाला, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण टर्मिनल कितीही देखणे असले, तरी विमान माणूसच उडवतो.

यावर काही वाचक विचारतील की एवढा पगार घेणाऱ्याची कीव कशाला करायची? आम्ही कीव करा म्हणत नाही. वैमानिकाला पगार भरपूर आहे आणि त्यांच्यातही कामचुकार असतील. खोटी आजारपणाची रजा घेऊन सहकाऱ्यांवर बोजा टाकणारे असतील, त्यांच्यावर कारवाई जरूर व्हावी. पण पगार झोपेच्या बदल्यात मिळत नाही. कितीही पैसे दिले तरी बावीस तास जागलेल्या माणसाचे डोळे उघडे राहत नाहीत. दुसरा आक्षेप तिकीट महाग होण्याचा. होईल, थोडे होईल. डिसेंबरात मात्र विमाने कमी पडल्याबरोबर भाडी इतकी चढली की सरकारला ५०० किलोमीटरच्या आतल्या प्रवासाला साडेसात हजार आणि दीड हजार किलोमीटरच्या पुढे अठरा हजार अशी मर्यादा बांधावी लागली. राखीव माणसे न ठेवण्याचा खर्च तिकिटात आधी दिसत नाही, मागाहून एकदम दिसतो. स्वस्ताई परवडते, फसवी स्वस्ताई परवडत नाही.

या प्रश्नाची व्याप्ती विमानापुरती नाही, म्हणून तो आमच्या पानावर घेतला. आपल्या घरातल्या किती मुली रुग्णालयांत परिचारिका आहेत, त्यांना विचारा. "फोन केला की या" ही ड्यूटी किती तासांची आणि तिचे पैसे किती? आपली किती मुले मोबाइलवर लॉग-इन करून पार्सलची वाट पाहत रिंग रोडच्या फुटपाथवर बसतात? लंडनमध्ये उबरच्या चालकांनी खटला लढवला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लॉग-इन करून वाट पाहण्याचा वेळही कामात धरला. बेल्जियममधल्या एका अग्निशमन जवानाने आठ मिनिटांत हजर व्हावे लागणारी घरची राखीव ड्यूटी हे कामच आहे, असे युरोपच्या न्यायालयाकडून २०१८ मध्ये ठरवून घेतले. बदली कार्ड घेऊन दाराशी उभ्या राहिलेल्या आपल्या आजोबांना हे सांगितले असते, तर त्यांनी डोळे पुसले असते.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. पहिली, बँकांच्या राखीव निधीप्रमाणे प्रत्येक विमान कंपनीने किती फेऱ्यांमागे किती राखीव वैमानिक ठेवावेत, याचे किमान प्रमाण सरकारने ठरवून द्यावे. उन्हाळी व हिवाळी वेळापत्रक मंजूर करण्यापूर्वी ते तपासावे. माणसे नसतील, तर फेऱ्या वाढवण्याची परवानगी देऊ नये. दुसरी, विश्रांतीच्या नियमातून सूट द्यायची वेळ आलीच, तर ती कोणाला, किती दिवस आणि का दिली, हे लेखी कारणांसह लोकांपुढे ठेवावे. सूट हा अपवाद असावा, तिचा रिवाज होऊ नये. तिसरी, थकलो आहे असे सांगणाऱ्या वैमानिकाची नोंद शिक्षेच्या भीतीशिवाय घेतली जावी. चौथी, नव्या कामगार संहितांखालचे राज्यांचे नियम पाहताना बोलावण्याची वाट पाहणाऱ्या प्रत्येक कामगाराच्या वेळेचा विचार व्हावा. मंडळातर्फे या आशयाचे निवेदन खासदारांकडे द्यावे, अशी सूचना आम्ही पुढच्या बैठकीत मांडणार आहोत. सभासदांनी हजर राहून मत द्यावे.

आणि एक विनंती वाचकांना. पुढच्या वेळी वैमानिकाच्या ड्यूटीचे तास संपल्यामुळे विमान उशिरा सुटेल, तेव्हा काउंटरवरच्या मुलीवर आवाज चढवू नका. ती कदाचित आपल्याच गल्लीतली असेल, आणि रोस्टर तिने केलेले नसते. थकलेल्या माणसाने विमान उडवायला नकार दिला, हे आपल्यासाठी शुभवर्तमान आहे. जाब विचारायचाच असेल, तर त्याच्या जागी उभा राहणारा माणूस आधीपासून का नेमला नव्हता, हा विचारा. तो प्रश्न कंपनीच्या संचालकांना आणि दिल्लीतल्या मंत्रालयाला विचारायचा आहे, आणि तो विचारायला आपण सर्वांनी एकत्र यायला हवे.

— संपादक